वळूच्या नावावरील दोष माझ्या सुरीकडे वर्ग करणेबाबत

प्रति,
मा. जिल्हा पशुसंवर्धन अधिकारी,
जिल्हा पशुसंवर्धन कार्यालय (लिलाव शाखा)

विषय : नापीक ठरवलेल्या वळूचा येत्या बुधवारचा लिलाव रद्द करून सदर दोष अर्जदाराच्या शिकारी सुरीकडे वर्ग करणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची सन २००९ ची लिलावाची जाहीर सूचना.
२) माझा पहिला अर्ज, जो "सुरी ही बाब या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही" अशा शेऱ्यासह परत आला.
३) माझा दुसरा अर्ज, जो "आपल्या स्तरावर निकाली काढावा" म्हणून आमच्याच डॉक्टरसाहेबांकडे आला आणि त्यांच्या टेबलाच्या काचेखाली विसावला.

महोदय,

१. मी खाली सही करणार, येथील पशुचिकित्सालयात भांडारपाल आहे. बाटल्या मोजणे, सुया मोजणे आणि मोजून कमी भरल्या की कारण शोधणे, ही माझी सेवा. म्हणून आरंभ हिशोबानेच करतो. एक शिकारी सुरी मनासारखी जमली तर अर्जदारास होणारा एकूण लाभ असा : सासऱ्यांच्या तोंडचा एक 'शाब्बास'. रोख काही नाही.

अर्जदार लग्न झाल्यापासून सासुरवाडीसच राहतो. सासरे म्हणतात, जावयाच्या हातचं आजवर टिकलेलं काम एकच, आमच्या घरातला त्यांचा मुक्काम. सासरे जुने शिकारी. तरुणपणी आपण एक ससा मारला, असे ते सांगतात. तो ससा आधीच मेलेला होता, असे सासूबाई सांगतात. या वादात पडण्याची अर्जदाराची पात्रता नाही. परंतु शिकाऱ्याचे मन शिकारी सुरीनेच जिंकता येईल असे अर्जदाराच्या मनाने घेतले, आणि पुढील सर्व घोटाळा तेथून सुरू होतो.

२. घरी सुरी करणे अवघड नाही. ती कापेल अशी करणे अवघड आहे. भंगारवाल्याकडून स्टेनलेसची योग्य जातीची जाड पट्टी आणली. घरातल्या भांड्यांचे स्टेनलेस या कामी चालत नाही, ते कितीही तापवले तरी भांडेच राहते. (हे ज्ञान अर्जदारास सासूबाईंच्या दोन पळ्या खर्ची पडल्यावर झाले.) पट्टी कापली, कानशीने घासली, मागच्या अंगणात भट्टीच्या विटा रचून विजेची भट्टी उभारली. ती सुरू झाली की घरातला पंखा म्हातारा होतो आणि सासरे आतून ओरडतात, "आलं वाटतं जावयाला सुऱ्यांना पाणी पाजायचं खूळ!"

वास्तविक स्टेनलेसला पाणी पाजताना पाणी लागत नाही. पत्र्याच्या पातळ पाकिटात, हवा लागू न देता, ते पिवळेधमक होईस्तोवर तापवायचे आणि ॲल्युमिनियमच्या दोन जाड लाद्यांमध्ये दाबून झटकन निववायचे. नंतर मंद आचेवर दोनदा शेकायचे, म्हणजे ठिसूळपणा जातो. हे शेकणे पत्नीच्या केकच्या ओव्हनमध्ये होते. त्याबाबत पत्नीचे म्हणणे स्वतंत्र असून ते या अर्जास जोडण्याजोगे नाही.

३. पहिली सुरी दिसायला अशी की काचेच्या कपाटात ठेवावी. सासऱ्यांनी ती सुतळीवर चालवली. सुतळीने दम धरला. मग त्यांनी सुरी उजेडात उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "जावईबापू, वस्तू झकास झालीय. पावाला लोणी लावायला ठेवू या." दुसरीचेही तेच. चौकशीअंती असे समजले की स्टेनलेस पाणी पिऊनही पोटात थोडे मऊ राहते. तो मऊपणा घालवायला त्याला मरणाच्या थंडीत नेऊन ठेवावे लागते. बर्फाची थंडी त्याच्या खिजगणतीत नाही. इतकी थंडी आणायची कोठून, हा प्रश्न दुसऱ्या कोणाही सुरीवाल्यास पडला असता. पशुचिकित्सालयाच्या भांडारपालास पडला नाही.

४. आपल्या विभागाने आम्हास द्रवरूप नत्राचे, म्हणजे लिक्विड नायट्रोजनचे, पात्र दिलेले आहे; आतली थंडी शून्याखाली १९६ अंश. वळूच्या रेतमात्रा बारीक नळ्यांत भरून, नळ्या डब्यांत ठेवून, डबे त्या पात्रात टांगलेले असतात. गाय माजावर आली की डॉक्टरसाहेब त्यातली एक नळी वापरतात. शनिवारी दुपारी चिकित्सालय बंद होताना अर्जदाराने तिसरी सुरी, मूठ बसवण्याआधीच, तारेला बांधून त्या नत्रात सोडली. पात्राचे तोंड अरुंद. जागा होईना, म्हणून एक डबा बाहेर काढला आणि तो लसींच्या फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात, स्वच्छ रुमाल अंथरून ठेवला. थंड ते थंड, असा अर्जदाराचा समज.

भट्टीतला वीस अंशांचा फरक आपल्याला नुसत्या रंगावरून कळतो, असे अर्जदार चारचौघांत सांगत असे. त्याच माणसाने थंडीच्या बाजूला पावणेदोनशे अंशांची चूक केली. त्या नळ्यांच्या दृष्टीने बर्फाचा कप्पा म्हणजे माझी भट्टीच. आत जे काही जीव धरून होते ते तिन्हीसांजेच्या आत आटोपले असावे. रुमालाचा उपयोग झाला नाही. सोमवारी डबा जागच्या जागी टांगला, नळ्या पुन्हा गोठल्या आणि होत्या तशाच दिसू लागल्या. पात्रातले थोडे नत्रही उडून गेले होते. वहीतल्या 'तूट' या रकान्यात अर्जदाराने लिहिले : निरंक.

५. तिसरी सुरी मात्र जमली. सुतळीला कळलेसुद्धा नाही. धार पाहायला सासऱ्यांनी अंगठा लावला. अंगठ्याला चार टाके पडले. टाके घेतले जात असताना, दात आवळून, भिंतीकडे पाहत, ते म्हणाले, "शाब्बास." हिशोबातली जमेची बाजू येथे संपली.

६. त्यानंतर गायी उलटू लागल्या. आज नळी भरावी, तीन आठवड्यांनी गाय पुन्हा माजावर. पहिल्या गायीच्या वेळी अर्जदाराने उन्हाला दोष दिला, दुसरीच्या वेळी चाऱ्याला. पुढे दोष द्यायला जग अपुरे पडले, तेव्हा सर्वांबरोबर अर्जदारही वळूला दोष देऊ लागला. सोपे पडले. कारण उलटलेल्या साऱ्या गायींना एकाच वळूच्या नळ्या भरल्या होत्या, आणि त्याच्या नळ्या त्याच एका डब्यात होत्या.

हा वळू चिकित्सालयाच्या मागच्या गोठ्यात असतो. वेळेवर खातो, सावली पाहून बसतो, कोणी काही सांगू लागले की तोंड फिरवतो. म्हणून सगळे त्याला 'जावई' म्हणतात. अर्जदार जवळ असला तर जरा हळू म्हणतात. आपल्या प्रयोगशाळेने डब्यातल्या उरलेल्या नळ्या तपासल्या, सगळे मेलेले निघाले, आणि निष्कर्ष आला : वळू नापीक. महोदय, नासलेल्या दुधाचा पंचनामा करून म्हशीला फाशी देण्यासारखे हे झाले. आमच्या गल्लीतल्या गोठेवाल्या मावशी तर चिकित्सालयाच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "नापीक? माझ्या गोठ्यात तीन कालवडी त्याच्या आहेत! कपाळावरचा वाकडा चांदसुद्धा त्याचाच. हा नापीक, तर त्या काय पोस्टानं आल्या?" त्यावर त्यांना कळवण्यात आले की अहवाल चालू वर्षाचा आहे, जुन्या कालवडी ग्राह्य धरता येत नाहीत.

७. लिलावाची सूचना भिंतीवर चिकटली त्या दिवशी अर्जदाराने डॉक्टरसाहेबांपुढे सर्व काही कबूल केले. त्यांनी शांतपणे ऐकले, उठून दार लावले आणि म्हणाले, "हे बघा, तुम्ही दोषी ठरलात तर पात्राची किल्ली तुमच्याकडे कशी, हा प्रश्न येतो. मग मी येतो. माझ्यामागे वरचे साहेब येतात. वळूमागे कोण येतं? त्याला बढती नाही, पेन्शन नाही, सेवापुस्तकसुद्धा नाही. त्याचं काय बिघडतंय?" अर्जदाराने नम्रपणे सांगितले की बुधवारी त्याची मान जाईल. तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही फार मनाला लावून घेता. रजा टाका दोन दिवस." रजेचा अर्ज मात्र त्यांनी त्याच क्षणी मंजूर केला. तेव्हा न घेतलेली ती रजा दोन्ही अर्ज फिरून आल्यावर घेतली आणि तीतच हा अर्ज लिहीत आहे.

८. आता सुरीविषयी. अंगठ्याच्या प्रकारानंतर पत्नीने बजावले की एक तर ती सुरी घरात राहील, नाही तर अर्जदार. सासऱ्यांनी थोडा विचार केला, हे नमूद करणे भाग आहे. मग त्यांनी सुरी बाजारातल्या खाटकाला भेट दिली. जावयाची करामत चार लोकांनी पाहावी, हाही हेतू असावा. खाटिक माणूस सरळ आणि व्यवहारी. त्याने सुरी हातावर तोलली आणि सासऱ्यांना म्हणाला, "मामा, असलं हत्यार उभ्या जन्मात धरलं नाही. हात फिरवला की काम होतंय." या लिलावात सर्वांत मोठी बोली त्याचीच असणार, हे बाजाराला ठाऊक आहे. अर्जदार त्याच्याकडे गेला आणि वळू नापीक नाही, असे पुराव्यासह सांगू लागला. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "दादा, मला त्याच्या पोराबाळांशी काय करायचंय? वजन सांगा." निघताना त्याने अर्जदाराची पाठ थोपटली. म्हणाला, "काळजी करू नका. बुधवारी तुमच्याच सुरीनं उरकतो. जनावराला कळायचंसुद्धा नाही."

महोदय, सुरी करणाऱ्याला याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळत नाही. तेव्हापासून अर्जदारास अन्न गोड लागत नाही. ज्या सुरीने वळूचे नाव घालवले, तीच आता त्याचा जीव घेणार, आणि तिला आरशासारखी चकाकी येईस्तोवर घासणारा हात माझा आहे.

९. पत्नीचे म्हणणे जोडण्याजोगे नाही, असे वर लिहिले. त्यातले एक वाक्य मात्र जोडतो. ती म्हणाली, "अहो, त्या जनावराला लिहिता आलं असतं तर त्यानं केव्हाच अर्ज दिला असता. तुम्हाला लिहिता येतं ना? मग लिहा. दोनदा परत आला, तर तिसऱ्यांदा लिहा." सबब विनंती की :

(अ) बुधवारचा लिलाव स्थगित करावा आणि वळूच्या ताज्या मात्रा घेऊन तपासाव्यात. त्याची हरकत असण्याचे कारण दिसत नाही.

(आ) मेलेल्या नळ्यांची किंमत अर्जदाराच्या पगारातून कापावी. सुरीमुळे झालेल्या नुकसानीसाठी आपल्याकडे रकाना नसल्यास 'उंदीर, वाळवी, इतर' हा रकाना आहे. त्यातले 'इतर' म्हणून अर्जदारास धरावे.

(इ) पात्राची किल्ली अर्जदाराने न विचारता घेतली होती. तसे लिहून देण्यास तो तयार आहे. डॉक्टरसाहेबांनी दार लावून बसण्याचे कारण नाही.

(ई) वरीलपैकी काहीच शक्य नसल्यास अर्जदारास लिलावात बोली लावण्याची परवानगी मिळावी. खाटकाच्या बोलीपुढे आपले चालणार नाही, हे तो जाणतो. पण भट्टी, लाद्या आणि विटा मोडीत काढायला भंगारवाला उद्या सकाळी येत आहे. वळू बांधायला मागचे अंगण त्यामुळे मोकळे होईल. सासऱ्यांची संमती घेतली आहे. ती त्यांच्याच शब्दांत : "एक जावई पोसतोच आहे. दुसरा बांधा. हा निदान कामाचा तरी निघेल."

१०. मला दोषी धरावे, यासाठी माणसाला तीनदा अर्ज करावा लागतो, हे अर्जदारास आजवर माहीत नव्हते. निर्दोष सुटायला बहुधा एवढे करावे लागत नाही.

आपला नम्र आणि नाइलाजाने निर्दोष,
(सही)
भांडारपाल, पशुचिकित्सालय
दिनांक : लिलावाआधीचा सोमवार

सोबत :
१) आधीच्या दोन्ही अर्जांच्या प्रती.
२) नत्रात न बुडवलेली पहिली सुरी, नग एक. हिने कोणास इजा होणार नाही; लिफाफा उघडायलाही तिचा उपयोग नाही.
३) कोणी काय भरले याचा तक्ता :

गायी : एकेक माज, फुकट.
गोठेवाल्या मावशी व इतर : एका वेताचे दूध.
सासूबाई : पळ्या, दोन.
सासरे : अंगठा, चार टाके.
पत्नी : ओव्हन, त्यातल्या केकला अजून लोखंडाचा वास येतो.
वळू : नाव भरले आहे. उरलेले बुधवारी.
अर्जदार : निरंक.