पूजेची पाळी

२० जानेवारी १९७१

प्रिय सहादेव,

टाहाकारीच्या देवळाचं तुझं कार्ड सोमवारी मिळालं. खांबावरची नक्षी पेन्सिलीनं छान उतरवली आहेस. चित्रकलेचा मास्तर, त्यात एकटा जीव. सुट्टी लागली की सायकल एस.टी.च्या टपावर टाकून तू निघालास. मागे पेडगाव, त्याआधी रतनवाडी. इथे महादेवाच्या पूजेची पाळी एक वर्ष तुझ्या घराची, एक वर्ष माझ्या, असं वाडवडिलांनी ठरवलेलं. तू नगरला गेलास आणि बावीस वर्षं दोन्ही पाळ्या मीच करतो आहे. घोडेगावच्या बाजारापलीकडे मी गेलो नाही. पोटच्या लेकीच्या, मुक्ताच्या लग्नातसुद्धा मांडवातून उठून सांजवातीला परत आलो.

खरं सांगतो, तुझा हेवा वाटतो. रोज पहाटे गार पाणी अंगावर घेऊन मी त्याला अंघोळ घालतो, बेल वाहतो, आणि तो भेटतो तुला, जागोजागी. रतनवाडीला तू धुळीच्या पायांनी गाभाऱ्यात बसलास आणि डोळे भरून आले, असं लिहिलंस. ते वाचून दोन दिवस माझं पूजेत मन नव्हतं. माझे डोळे कधी भरले, आठवत नाही.

राहीला वाचता येत नाही, म्हणून तुझी कार्डं मी वाचतो आणि ती चूल सोडून ऐकते. परवा म्हणाली, "भावजी लई हिंडत्यात. तुमी आपले नंदीवानी बसून. नंदीला निदान लोकं हात तरी लावत्यात." शेजारच्या रंगुबाई हसल्या, मीही हसलो. पण तुझं कार्ड तिने पिठाच्या डब्यामागे जपून ठेवलं, ते मला दिसलं. माझं काही तिने असं ठेवल्याचं आठवत नाही.

आता ज्यासाठी लिहितो आहे ते. दिवाळीच्या कार्डात तू लिहिलं होतंस, माझ्या आक्काला रतनवाडीला नेतो आहे, वहिनीलाही पाठव. वाचून दाखवताना त्या ओळी मी गाळल्या. तिने असलं देऊळ पहिल्यांदा तुझ्याबरोबर पाहावं, हे मला सोसेना. तुला मात्र कळवलं की वहिनीचे गुडघे दुखतात. तिचे गुडघे धड आहेत. रोज अर्ध्या कोसावरून पाणी आणते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ दिवस येऊन पाळी धर, मी तिला नेतो. येशील की नाही ते तिच्या नावाने लिही, आणि मी गाळलेलंही पुन्हा लिही. वाचून दाखवायला मी शाळेतल्या गुरुजींना बोलावीन.

तुझाच,
रंगनाथ