वाक्य क्रमांक एकेचाळीस

प्रिय भिंगरी,

हे पत्र तीनदा सुरू केलं आणि तीनदा फाडलं. तुला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती कळल्यावर तू माझ्याशी बोलशील की नाही याची मला खात्री नाही. फोनवर सांगितली असती, पण फोनवर मी सारवासारव करते. तेव्हा आधी ऑफिसातलं ऐक, म्हणजे मलाही जरा धीर येईल.

गेल्या आठवड्यात आम्हा सगळ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली. नव्वद वाक्यं, प्रत्येकापुढे 'नेहमी', 'कधीकधी' किंवा 'कधीच नाही' यांतल्या एकावर खूण करायची. बाकीच्यांनी चहा गार व्हायच्या आत उरकलं. मी दोन दिवस घेतले, आणि उत्तरं पडताळायला घरून जुन्या डायऱ्या नेल्या. शेजारच्या टेबलावरचा आमचा गोष्टीवेल्हाळ केमिस्ट म्हणाला, "बाई, स्वभाव विचारलाय, जनगणना नाही!" सगळे हसले, मीही हसले. पण एकेचाळिसाव्या वाक्यावर पेन अडलं ते अडलंच. 'निर्णय घेण्याआधी मी संबंधित माणसांना विचारते.' शेवटी 'नेहमी'वर खूण केली आणि कागद देऊन टाकला.

निकाल आला: 'सांभाळून घेणारी'. खाली चार ओळी कौतुक. वाचून मी तो कागद टेबलावर उलटा ठेवला. सोबत दुसरा फॉर्म होता, तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या माणसाने भरायचा. त्यावर मी तुझं नाव लिहिलं. मुदत दुसऱ्या दिवसाची, तू शाळेत परीक्षेच्या धांदलीत. म्हटलं, तुला कशाला त्रास, तू काय लिहिशील ते मला ठाऊकच आहे. तो फॉर्म तुझ्या नावाने मीच भरला. दहा मिनिटांत, एकदाही न अडखळता. एकेचाळिसापुढे 'कधीच नाही'. त्याचा निकाल: 'हुकमत गाजवणारी'. चाचणी घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "बहीण भलतीच रोखठोक दिसते तुमची!" मी मान डोलावून बाहेर आले. काल परत गेले आणि त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी खणातून एक कोरा फॉर्म काढून माझ्यापुढे ठेवला.

आमचं काम तू पाहिलं आहेस. पाण्याच्या बाटल्या येतात, आम्ही तपासतो, आकडा वहीत लिहितो. तिथे एकच चूक माफ नसते, न मोजलेला आकडा लिहिणं. वीस वर्षांत मी तसा एकही लिहिलेला नाही. आणि तुझ्या बाबतीत? लहानपणी डॉक्टरांनी तुला विचारायचं, कुठे दुखतंय, आणि तुझ्या पोटावर बोट मी ठेवायचं. पाहुण्यांनी तुझं नाव विचारलं तरी उत्तर माझंच. एकदा तू पाय आपटत ओरडली होतीस, "ताई, माझ्या तोंडाला काय कुलूप लावलंय?" बाबा हसून म्हणाले, "लावलंय, आणि किल्ली तिच्याकडे आहे." ते मी कौतुक समजले.

परवा व्हिडिओ कॉलवर तुझी लेक म्हणाली, "मावशी, आई अंघोळीलाही फोन घेऊन जाते, प्लास्टिकच्या पिशवीत!" तू तिला दटावलंस आणि घाईघाईने विषय बदललास. शाळेच्या सहलीला जाणं तू दोन वर्षांपूर्वीच सोडलंस, हेही तिनेच सांगितलं. का सोडलंस ते तिला ठाऊक नाही. मला आहे. तेव्हापासून मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालते आहे, कपाट आवरते, परत विस्कटते.

दोन वर्षांपूर्वी तू शाळेच्या मुलींना घेऊन सहलीला गेली होतीस, त्या दुपारी डॉक्टरांनी मला वॉर्डाबाहेर बोलावलं. बाबांना श्वासाच्या यंत्रावर ठेवायचं का, ते दोघी बहिणींनी मिळून अर्ध्या तासात ठरवा, म्हणाले. मी जिन्यातल्या खिडकीपाशी उभी राहिले. फोन हातात होता. तू रडशील, 'ठेवा' म्हणशील, आणि मग मला 'नको' म्हणवणार नाही, हे सगळं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं. आत जाऊन सांगितलं, "दोघींचं एकच मत आहे, नको." बाबा गेल्यावर तुला सांगितलं, तुझा फोन लागत नव्हता. त्या दिवशीच्या डायरीत एकच ओळ आहे: 'भिंगरीला फोन केला नाही.' निर्णय बरोबर होता की चूक, मला अजून कळलेलं नाही, आणि आज मी ते विचारतही नाही. कोरा फॉर्म सोबत पाठवते आहे. भर, नाहीतर फाडून टाक. या वेळी तुझं उत्तर मी धरून चाललेली नाही. तुझ्या फोनचा काही दोष नव्हता गं, आणि तुझा तर नव्हताच. तो मी लावलाच नाही. अंघोळीला जाताना आता तो बाहेर ठेवत जा.

तू म्हणशील तोवर तुझीच,
ताई