अक्काची पिवळी खोली

कल्याण, कार्तिक वद्य पंचमी, शके १८०८

सकाळी नकाशे गवंड्याकडे जायचे आहेत आणि माझा हात चालत नाही. दादांनी, माझ्या थोरल्या भावांनी, घर वाढवायला काढलं आहे. ठाण्याच्या कचेरीत मी रोज हेच काम करतो, म्हणून नकाशे माझ्या गळ्यात. पहिल्या कागदावर पाडायच्या भिंती पिवळ्या, दुसऱ्यावर नव्या भिंती लाल. कचेरीतली रीत.

तिन्हीसांजेला अक्का दिवा ठेवायला आली. नवरा गेल्यापासून माझी ही बहीण आमच्याकडेच, मागच्या खोलीत असते. पहिल्या कागदावर बोट ठेवून म्हणाली, "ही माझी खोली ना रे? अगदी हळदीसारखा रंग दिलास. छान दिसतेय."

मी नुसतं हूं म्हटलं. सांगायला काय झालं होतं?

ती गेल्यावर दुसरा कागद पुढे ओढला. दादांची बैठक दुप्पट झाली आहे, अक्काची खोली कुठेच नाही. दादांनी सांगितली नाही, मी विचारलं नाही. आणि तिला तो रंग हळदीचा वाटला.

शेवटी नव्या बैठकीतून लाल भिंत ओढली, अक्काच्या खोलीएवढी जागा सोडून. रंग अजून ओला आहे. दादा देवळातून आले वाटतं, जिन्यावर पावलं वाजताहेत.

कागद झाकणार नाही.