शेवटच्या ओळीमागून

अण्णा, आज क्लासमध्ये मी एका मुलीच्या हातातून फेसाच्या स्प्रेचा डबा काढून घेतला. कुणाचा तरी वाढदिवस होता. बाकं, फळा, पंख्याची पाती, सगळं पांढरं. लातुरात आता वाढदिवस असेच होतात. मुलगी घाबरली नाही. "मॅडम, एवढंच सांगा, हे लांब कसं जाईल? मागच्या बाकापर्यंत पोचतच न्हाई." मी म्हणाले, "सिलॅबसमध्ये नाही ते." वर्ग हसला. मी इथे भौतिकशास्त्र शिकवते.

तुम्हीही हेच विचारलं होतं. भूकंपानंतरचा हिवाळा. तुम्ही इथल्याच, लातूरजवळच्या मुरुडच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर. गॅदरिंगमधला तुमचा हजामतीचा फार्स गावाला पाठ होता: तुम्ही खुर्चीत गिऱ्हाईक, पीटीचे सर न्हावी, आणि दाढीचा फेस पिचकारीतून थेट तुमच्या तोंडावर. तो तुम्हाला भूकंपात घरं गेलेल्या, पत्र्याच्या शेडमधल्या पोरांपुढे करायचा होता. "पुढची तरी बघतेत," तुम्ही म्हणालात, "मागची मान वर करत न्हाईत गं. सरांनी त्यांच्या मागं उभं राहायचं. फेस त्यांच्या डोक्यावरून गेला की बघतीलच."

पण फेस तीन हात अंतरावरच पडायचा. आठवडाभर घरात तेच चाललेलं. पिचकारीचं तोंड बारीक केलं की फेसाचं पाणी होतं, रुंद केलं की जागीच गळतो. मी बारावीला, रविवारी क्लासची टेस्ट, आणि तुम्ही दारात उभे.

"काय करायलीस? एवढं सायन्स शिकतीस अन् बापाचा फेस पुढं जाईना?"

"अण्णा, मला पास व्हायचंय."

"आन् मला न्हाई?"

आतून आई ओरडली, "आधी फेस केलेलं माझं पातेलं घासा, मग व्हा पास!"

रविवारी तुम्ही जुनीच पिचकारी घेऊन गेलात. परतलात तेव्हा सदरा कोरडा होता. तुमच्यावर काही उडालंच नव्हतं. "मधल्या एका पोरीच्या वेणीवर पडला," तुम्ही म्हणालात. "रडली. मागची उठून गेली." मग चपला काढता काढता विचारलंत, "पेपर कसा गेला?" चांगला गेला होता.

नंतर तुम्ही तो फार्स कधीच केला नाहीत. सर दरवर्षी विचारायचे, तुम्ही म्हणायचात वय झालं. पंचेचाळिशीत कसलं वय? अजून चिडचिड होते माझी. तुम्ही फक्त फेसाचं विचारत राहिलात. एकदाही 'चल' म्हणाला नाहीत. म्हणाला असतात तर मी नाही म्हणाले असते, आणि मग निदान ते 'नाही' तुमच्यासमोर झालं असतं.

हे कुठे धाडायचं नाही, म्हणून लिहिते. त्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी तुम्ही शाळेत होतात, आई शेजारी. मी रुंद नळीत फेस भरला, मागे कागदाचा बोळा, त्यामागे सायकलचा पंप. आधी हवा फेसाला भोक पाडून निघून जायची. बोळ्यानं ती अडली. एका दणक्यात गोळा अंगण ओलांडून समोरच्या भिंतीवर बसला. नळी मी पाट्याखाली अडकवली होती, कारण त्याला दोघं लागतात, एकानं धरायचं, एकानं पंप मारायचा. तुम्ही खुर्चीत असणार. सर नळी धरणार. पंपावर मला यावं लागलं असतं, आणि रविवारी माझी टेस्ट होती.

तुम्ही यायच्या आत मी भिंत पुसून घेतली.