वाघ-बकरीचा पाट

बाबा, तुमाले जाऊन किती पोळे झाले ते मी मोजत नाही. पण तो पाट माझ्या घरी आहे, अन् त्याच्याकडं पाह्यलं की तुमचा राग येते. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. म्हणोत.

चौथीतून तुमी माझी शाळा सोडवली, त्याच वर्सी पोळ्याले मीनं तुमच्यासाठी वाघ-बकरीचा पाट केला. सुताराकडून सागवानाची फळी मागून आणली, विटकरीनं घासली, चुलीत सळई लाल करून एकेक रेघ जाळली. अंगठ्यावरचा डाग अजून गेला नाही. बकऱ्यांसाठी चिंचोके, वाघासाठी नाल्यातला काळा गोटा. तुमी ओसरीवर पाट मांडून बसता, अन् वणीचे मामा विचारतात, "भाऊजी, कारागीर कोण हो?" तुमी म्हणता, "आमचा पोरगा. हात पाहा त्याचा." मी दारातच उभी. माझ्याकडं पाहून म्हणता. त्याच पाटाच्या नावावर भाऊ यवतमाळले आयटीआयत सुतारकाम शिकाले गेला, अन् मी कापूस वेचाले. मागून मी भांडली तं तुमी म्हणाले, "पोरीच्या हाताची तारीफ करून काय करू माय? तू जाशील लोकाच्या घरी." लोकाचं घर म्हणजे याच गावात, चार घरं सोडून.

तुमाले लकवा झाला तेव्हा भावाले त्याच्या फर्निचरच्या दुकानातून फुरसत नव्हती. मीच रोज दुपारी येऊन तुमाले घास भरवायची, मग पाट मांडायची. वाघ तुमचा, बकऱ्या माझ्या, लहानपणापासून तसंच. वाघ उडी मारून बकरी खाते; बकऱ्यांनी त्याले हलाले एकबी घर ठेवलं नाही तं तो हरला. मीनं शर्त लावली, "वाघ कोंडला तं चार माणसांत सांगाचं, पाट कोणं केला." तुमी वाकड्या तोंडानं हसले. "बकऱ्या कधी जिंकतात काय वं?" अन् सारा हिवाळा तुमी एका हातानं माझ्या बकऱ्या खात राह्यले. डोळ्यांत मोतीबिंदू, तरी.

होळीच्या आधी मामा भेटाले आलते, भाऊबी होता. खेळता खेळता मी म्हटलं, "कोंडला." तुमी लय वेळ पाटावर वाकून पाह्यलं. मग म्हणाले, "हारलो. हा पाट हिनं केलता. पोरानं नाही." भावानं मान खाली घातली. मामा म्हणाले, "मंग आजवर काहून नाही सांगितलं, भाऊजी?" तुमचं ते 'हारलो' मी अजून चघळून राह्यली, अन् अजून गोड लागते. चार दिवसांनी तुमी गेले, हरलेले गेले.

हा कागद कुठं धाडाचा नाही, म्हणून लिहिते. वाघ कोंडला नव्हता, बाबा. कोपऱ्यातलं एक घर मोकळं होतं. त्याच्यावर मीनं तुमच्या चहाची बशी ठेवलती.