हमीदभाईंच्या जागी

औरंगाबाद, रविवार, दिवेलागणीला

गिरणीच्या हॉकी संघाचा मॅनेजर कोण, यावर आज दुपारभर नुसती हुज्जत. पोलीस ॲक्शननंतर हमीदभाई कराचीला गेले, तेव्हापासून जागा रिकामीच. मध्यंतराला ते सगळ्या खेळाडूंना मोसंबी सोलून द्यायचे. शेवटची ते आणि मी अर्धी अर्धी खायचो.

गिरणीच्या मोठ्या साहेबांना हैदराबादचा माणूस हवा होता. कप्तान उसळला, "बाहेरचा कशाला? हमीदभाईंच्या बाजूला रोज जोशीसाहेबच बसायचे. त्यांनाच करा!" सगळे व्हय म्हणाले.

बाजूला बसत होतो म्हणून मॅनेजर? मला हॉकीतलं काय डोंबल कळतं! मी हमीदभाईंसाठी जायचो.

घरी येऊन मोसंबी सोलली. अर्धी खाल्ली. उरलेली खाववत नाही, टाकवतही नाही.