दवाखान्याची भुई कोणी सारवली

माय, सगळ्यात आधी टपकली ती शेजारची फुलवाली. पाहुण्यांचा अजून पत्ता नाही आणि हिची बशी पुढे. "टीव्हीवाले येनार हायेत म्हनं?" म्हटलं, "टीव्हीवाले नाय गं बाई, आपल्या दवाखान्यातल्या दोन नर्सा. दवाखाना कसा सुरू झाला ते लिहून घ्यायचंय त्यांना, पुस्तक काढत्यात." तर म्हणे, "मग मला का नाय इचारलं?" आणि बसलीच मांडी ठोकून.

पोरी गोड होत्या. दवाखाना आता दोन मजली झालाय बरं का. काही दुखत नसताना मी एकदा जिना चढून उतरून आले. पण पोरींना हवी होती ती पहिली खोली, दूध डेअरीच्या मागची. मी सांगायला बसले आणि कुठल्या कुठे गेले बघ. सकाळचं ऊन दारातून आत सरकतंय, डेअरीच्या कॅनांचा आवाज लांबून येतोय, आणि नाशिकची मोठी माणसं खोली बघायला यायची आहेत. त्यांच्या मनात भरली तर बाळंतपणं इथंच होणार, नाहीतर वणीपर्यंत जीपमध्ये हाडं खिळखिळी. माझी लेक पहिलटकरीण, नववा महिना लागलेला. तिच्या पोटावर हात ठेवून तू म्हणालेलीस, "लेकरू पायाळू हाय. माझ्या एकटीच्या हातचं नाय हे." अख्ख्या गावाची सुईण तू, आणि तुझ्या तोंडून हे!

वणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई सांगून गेल्या होत्या, खोली स्वच्छ ठेवा. मी चौथीपर्यंत शिकलेली. लेकरू यायचं तर आधी भुई सारवायची, एवढंच मला ठाऊक. मी फरशीवर शेण सारवत गेले. हिरवी, ओली, गार भुई, माझ्याच बोटांच्या लाटा तिच्यावर. वर रांगोळी काढली, टेबलाच्या पायांना हळदकुंकू लावलं. किती सुंदर दिसत होती माय ती खोली, अजून स्वप्नात येते.

नाशिकचे पाहुणे दारातच थबकले. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, शेणानं धनुर्वात होतो! कोणी केलं हे?"

मी तुझ्या पाठीमागे. वर्षभर तूच घरोघर सांगत फिरलेलीस, नाळेला शेण नका लावू, राख नका लावू. आणि तूच पदर सावरून म्हणालीस, "म्या केलं. म्हातारीची अक्कल."

पाहुण्यांतल्या एक बाई डॉक्टर होत्या. त्यांनी विचारलं, "आजी, किती बाळंतपणं केलीत?"

"मोजायला म्या काय बाजारला टमाट्याच्या जाळ्या भरल्या?"

बाई हसल्या. तू त्यांचा हात धरून लेकीच्या पोटावर नेलास. बाईंनी नीट चाचपून बघितलं. मग बाई म्हणाल्या, "पायाळूच आहे. खोली धुऊन घ्या. दवाखाना इथंच होईल, पण या आजी मला इथं पाहिजेत."

महिनाभरात त्या खोलीत माझी नात आली, पाय पुढे करून, बाई आणि तू दोघींच्या हातात. आता मोठी झालीये. कोणाची कंबर धरली की लोक तिच्याकडे येतात, पायाळूची लाथ खायला! आणि ती मारते पण अशी, की माणूस पळतच सुटतो.

हे सगळं सांगितलं पोरींना, भुई माझ्या हातची तेवढं सोडून. लिहिता लिहिता एक फिस्सकन हसली. "म्हणजे सुईण आजीनंच शेण सारवलं!" फुलवाली पण हसली, "जुनी मानसं, त्यांना काय कळतंय!" ओठांवर आलं होतं गं माझ्या. पण मी म्हटलं, "चहा टाकू का अजून?"

नातीच्या वहीचं पान फाडून हे लिहितेय. कोणाला दाखवणार नाही, जाईल डाळीच्या डब्याखाली. भुई मी सारवली माय. तू गेल्यावरही कोणाला सांगितलं नाही, आणि आता पुस्तकातही ते तुझ्याच नावावर लागतंय. छापायच्या आधी एकदा वाचून दाखवतो म्हणाल्यात पोरी. परत येणार आहेत, येत्या गुरुवारी.